मॅनेजर कोणाचा?



आपल्या मुलांच्या हरणाऱ्या फुटबॉल संघास खेळ शिकविण्यास एका हिंदु मास्तरांना बोलवावें कीं नाहीं, हा वाद आमच्या दारीं आला आहे. म्हणून ही हकीकत सांगतों.

ग्लासगो शहरीं सेल्टिक संघ १८८७ सालीं सेंट मेरी चर्चच्या सभागृहांत स्थापन झाला. गरीब मुलांच्या तोंडीं घांस पडावा, हा ब्रदर वॉलफ्रिड यांचा हेतु. परंतु १९५४ नंतर संघास लीगचें अजिंक्यपद मिळेना. चाहते कुरकुरूं लागले. नवा मॅनेजर कोण? तोंवरचे तिघेहि कॅथलिक होते. चौथाहि आपलाच असावा, असें आम्हांसहि वाटलें असतें, हें कबूल करतों.

मार्च १९६५ मध्यें जॉक स्टीन आले. ते प्रॉटेस्टंट, शिवाय १९६१ सालीं डनफर्मलिनचे मॅनेजर असतां स्कॉटिश चषकाच्या अंतिम सामन्यांत त्यांनीं सेल्टिकलाच हरविलें होतें! पण पूर्वीं ते येथेंच कर्णधार होते, आणि राखीव संघांतील पोरांना त्यांनींच शिकविलें होतें. एप्रिलांत स्कॉटिश चषक आला. १९६७ सालीं लिस्बन येथें इंटर मिलानवर २-१ असा जय मिळून युरोपीय चषकहि आला. त्या दिवशींचे अकराहि खेळाडू ग्लासगोपासून तीस मैलांच्या आंत जन्मलेले. त्यांत प्रॉटेस्टंटहि होते.

मास्तरांस चहाला आम्हीं बोलाविलें आहे. ज्यांस हरकत असेल त्यांनींहि यावें.