हेरकथेचा सांचा आणि संकेतस्थळाचा सांचा

स्वतःचें संकेतस्थळ उभारावयाचें तर एके काळीं दोनच मार्ग असत. संगणकाची आज्ञाभाषा शिकावी, नाहीं तर जाणत्या कारागिराला पैसे मोजावे. पुढें तिसरा मार्ग निघाला, तो सांच्यांचा. मथळा कोठें यावा, मजकूर किती रुंदीचा असावा, रंग व अक्षरें कोणतीं, हें सारें कोणी तरी आधींच रचून ठेवलेलें असतें. घेणाऱ्यानें आपला मजकूर तेवढा भरावयाचा. असे कित्येक सांचे त्यांचे कर्ते विनामूल्य देतात. पुष्कळदां अट एकच असते: पानाच्या तळाशीं कर्त्याचें नांव राहूं द्यावें. 'क्रिएटिव्ह कॉमन्स'चे परवाने २००२ सालीं निघाले, तेव्हांपासून अशा अटीला सुटसुटीत शब्दरूपही मिळालें आहे.

या व्यवहाराचें नवल हेरकथांच्या भक्तांना तरी वाटूं नये. ती कथा म्हणजेही एक सांचाच, आणि त्याचा कर्ता कोण हें सर्वश्रुत आहे. १८४१ सालीं एडगर अॅलन पो या अमेरिकन लेखकानें पॅरिसमधील एका खुनाची कथा प्रसिद्ध केली. आंतून बंद असलेली खोली, गोंधळलेले पोलीस, तर्कानें उलगडा करणारा विक्षिप्त बुद्धिमान द्युपें, आणि त्याचें कौतुक करीत ती हकीकत सांगणारा मित्र. एवढा ऐवज पोनें उघड्यावर मांडला आणि द्युपेंच्या अवघ्या तीन कथा लिहून तो थांबला.

१८८७ सालीं आर्थर कॉनन डॉइलनें याच सांच्यांत शेरलॉक होम्स बसविला. त्या पहिल्या कादंबरीचे सर्व हक्क त्यानें २५ पौंडांस विकून टाकले होते! तींत होम्स द्युपेंला सामान्य प्रतीचा ठरवितो. पण पात्राचा तोरा लेखकाच्या माथीं मारूं नये. १९०९ सालीं, पोच्या जन्मशताब्दीच्या वेळीं, लंडनच्या भोजनसमारंभांत डॉइलनें त्याचें ऋण मोकळ्या मनानें मान्य केलें. सांचा घेणें हा अपराध नव्हे, ही समजूत या परंपरेंत मुरलेली आहे. ती नसती, तर मराठींत बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड तरी कोठून अवतरले असते?

मात्र सांचा निराळा आणि पात्र निराळें, आणि भांडण लागतें तें बहुधा पात्रावरून. डॉइल १९३० सालीं वारला. तरी त्याच्या वारसांची संस्था होम्सवर नव्या कथा छापणाऱ्यांकडून परवान्याचे पैसे मागत राहिली. लेस्ली क्लिंगर या संपादकाच्या एका संग्रहासाठीं प्रकाशकानें ५००० डॉलर भरलेही. दुसऱ्या संग्रहाच्या वेळीं क्लिंगर न्यायालयांत गेले. होम्सच्या एकूण ६० कृतींपैकीं ५० अमेरिकेंत मुक्त झाल्या होत्या. उरलेल्या १० कथांच्या जोरावर सारा होम्स अडवून धरतां येईल काय, हा वाद होता. २०१४ सालीं न्यायमूर्ति पोझ्नर यांच्या अपील न्यायालयानें 'येणार नाहीं' असा निकाल दिला. १ जानेवारी २०२३ रोजीं त्या शेवटच्या कथाही अमेरिकेंत सर्वांच्या झाल्या.

होम्सच्या वारसांना पैसे हवे होते. संकेतस्थळाचा सांचा देणारा पैसे मागत नाहीं, नांव मागतो. तेंही अनेकांना जड जातें आणि तळाची ओळ गुपचूप पुसली जाते. कांहीं कर्ते थोडी किंमत घेऊन ती ओळ काढण्याची परवानगी देतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे पुसणाऱ्यानें नेमकें काय उचललें तें कळून येतें.

पण येथें हेरकथांचा षोक कामीं येतो. रोनल्ड नॉक्सनें १९२९ सालीं हेरकथेसाठीं दहा नियम घालून दिले. त्यांतला एक असा, कीं हेरानें हातीं लागलेला धागा वाचकापासून लपवूं नये. वेबवरील पानाची घडण तशीच आहे. त्याचा मूळ मसुदा ब्राउझरमध्यें कोणालाही उघडून पाहतां येतो. तळाची ओळ गेली तरी रूपरचनेच्या फाइलींत, अगदीं वरच्या ओळींत, कर्त्याची टीप पुष्कळदां तशीच राहिलेली असते. विभागांना त्यानें दिलेलीं चमत्कारिक नांवेंही बदलण्याचें कोणाला सुचत नाहीं. पुसणारा दर्शनी पान तेवढें धुऊन काढतो आणि माजघरांत पावलें तशींच ठेवून जातो.