कॉम्प्युटर शिका बोटांवर

मैत्रिणींनो, गटाचा हिशोब आता कॉम्प्युटरवर गेलाय. "कॉम्प्युटर असंच दाखवतोय," असं कुणी म्हटलं की आपण गप्प बसतो. म्हणून आज त्याचं गुपित आपल्या हातावरच शिकू या.

पंजा उघडा. अंगठ्याची किंमत १, पुढच्या बोटांची २, ४, ८, १६. आता मूठ मिटा, झालं शून्य. अंगठा आणि मधलं बोट उभं करा: १ आणि ४, पाच. पाचही बोटं उघडली की ३१.

कॉम्प्युटरच्या आत अशीच कोट्यवधी बारीक बटणं असतात, चालू नाहीतर बंद. बेरीज तो चोख करतो. पण आकडाच चुकीचा भरला तर त्याला कसं कळणार? ते आपल्यालाच कळतं. तेव्हा पुढच्या बैठकीत वही आणि स्क्रीन शेजारी ठेवा, आणि आकडे स्वतः ताडून बघा.