आयरिश स्ट्यू आपल्या चुलीवर



धर्मग्रामाच्या या महोत्सवांत स्वयंपाकावर चार शब्द बोलावेत, अशी आम्हांस आज्ञा झाली आहे. येसराची आमटी किंवा हुलग्याचें माडगें हा विषय आम्ही निवडूं असें कोणास वाटलें असेल. पण तें आपल्या आयाबायांना आमच्यापेक्षां चांगलें येतें. आम्हीं निवडला आहे आयरिश स्ट्यू. नांव ऐकतांच साहेबाचें मेज आणि कांटे-चमचे डोळ्यांपुढें येतात. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. संत पॅट्रिकच्या देशांतील गरीब शेतकऱ्याच्या घरीं बहुधा एकच मोठें लोखंडी भांडें जाळावर टांगलेलें असे, आणि जें मिळेल तें त्यांतच शिजे. लोंकर आणि दूध देऊन थकलेल्या मेंढीचें चिवट मांस, बटाटे, कांदे, मीठ आणि पाणी, इतकेंच काय तें मूळचें साहित्य.

आपल्या बीड जिल्ह्यांत यांतलें कांहींच दुर्मिळ नाहीं. मेंढी न मिळाल्यास आपली काळी उस्मानाबादी शेळी आहेच. एक किलो मटणास एक किलो बटाटे व अर्धा किलो कांदे पुरेत. मटण मानेचें, खांद्याचें किंवा बरगडीचें, हाडासकट असावें. निम्मे बटाटे पातळ चकत्या करून तळाशीं घालावेत. ते विरघळून रस्सा दाट करतात, म्हणून पिठाची वा खोबऱ्याची गरज उरत नाहीं. त्यावर कांदा, मग मटण, पुन्हां कांदा, आणि सर्वांवर उरलेल्या बटाट्यांच्या मोठ्या फोडी. मीठ, भरडलेलीं मिरीं आणि मटण बुडेल इतकें पाणी. तेल नाहीं, फोडणी नाहीं, हळद नाहीं. येथें हात आपोआप येसराच्या डब्याकडे जातो, तो आवरावा. येसर पडलें कीं उत्तम कालवण होईल, पण स्ट्यू राहणार नाहीं. गाजराबद्दल आयरिश घरांतही एकमत नाहीं. आम्ही घालतों, आवडतें म्हणून.

एक उकळी आली कीं भांडें वैलावर सरकवावें, झांकण कणकेनें लिंपावें आणि दोन-अडीच तास त्याला हात लावूं नये. आंच मोठी केली तर मांस आक्रसतें. मंद आंचेवर त्यांतले चिवट तंतू विरघळून रश्श्यांत उतरतात.

आतां बटाट्याविषयीं. 1845 पासून कांहीं वर्षें आयर्लंडांत या पिकावर करपा पडला, आणि गरिबांचें पोट तर त्या एकाच पिकावर होतें. सुमारें दहा लाख माणसें भुकेनें व रोगानें मेलीं, तितकींच देश सोडून गेलीं. त्याच काळांत धान्य व जनावरें बंदरांतून बाहेर जातच होतीं. कलकत्त्याहूनही तेव्हां मदतनिधि गेला होता. 1972 च्या दुष्काळांत ज्यांनीं खडी फोडली आणि लाल मिलो खाल्ली, त्यांना हें समजावून सांगावें लागत नाहीं. एकट्या ऊसावर किंवा एकट्या कापसावर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांनीं मात्र ही हकीकत मुलांना जरूर सांगावी.

संत पॅट्रिकचा सण 17 मार्चला, म्हणजे नेहमीं प्रायश्चित्तकाळांतच येतो, आणि शुक्रवार असला तर मटणाचा प्रश्नच नाहीं. आमच्या मतें हा पदार्थ पुनरुत्थानाच्या सणाला करावा. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे गेलेलीं आपलीं माणसें त्याच दिवसांत गांवीं परतूं लागतात. पांच-सहा महिने कोपीपुढें अंधारांत थापलेली भाकरी घाईनें खाऊन फडांत उतरलेलीं तीं माणसें. या भांड्याला ना वाटण, ना सारखें ढवळणें. घरच्या म्हातारीला निखाऱ्यांवर लक्ष ठेवण्यास सांगून बाकी सर्वांना मिस्सेला जातां येतें. आल्यावर झांकण फोडावें, वर कोथिंबीर घालावी आणि ज्वारीची ताजी भाकरी करावी. ती मात्र त्या दिवशीं फडावरून आलेल्या बाईनें थापूं नये. घरांत दुसरें कोणी नसेल, तर नवऱ्यानें थापावी.