ज्याचं वाक्य नाही त्याचं काम

(नवी पेठ, सोलापूर येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



संयोजकांनी आधी 'बालनाट्य आणि संस्कार' असा विषय सुचवला होता. संस्कारांवर बोलणारी माणसं आपल्या गावात पुष्कळ आहेत. मला तालमीबद्दल बोलू द्या, अशी विनंती मी केली. पाचवी ते आठवीची मुलं घेऊन स्पर्धेसाठी नाटक कसं बसवायचं, एवढ्याच विषयात मला थोडंफार कळतं.

राज्य बालनाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आपल्याकडे हुतात्मा स्मृती मंदिरात होते. तिथे एक दिवस सलग बसून बघा. तिसरी घंटा होते, पडदा उघडतो, एक चुणचुणीत मुलगी पुढे येते, उजवा हात उंचावते आणि बाल्कनीकडे बघत बोलायला लागते. उच्चार स्वच्छ, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. तिच्याकडे बघू नका. तिच्या मागे उभी असलेली चार-पाच मुलं काय करतायत ते बघा. एकजण विंगेतल्या बाईंकडे टक लावून उभा आहे. एकाचे ओठ हलतायत, कारण तो आपलं पुढचं वाक्य घोकतोय. एक मुलगी प्रेक्षकांत आई शोधतेय. नाटकात म्हणे आत्ता या सगळ्यांचं घर जप्त होणार आहे! ती बातमी त्यांच्यापैकी एकाच्याही कानावर गेलेली नसते.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की शाळेच्या नाटकाच्या तयारीतला मोठा वाटा, ज्या क्षणी ज्याचं वाक्य नाही, त्या मुलाला ऐकायला लावण्यात जायला हवा. बोलणं त्याच्या मागून येतं.

आपल्याकडे हे उलटं का झालं, याचं कारण शाळेच्या वर्षातच आहे. १ ऑगस्टला टिळक पुण्यतिथी, १९ फेब्रुवारीला शिवजयंती, मध्ये असंख्य वक्तृत्व स्पर्धा. त्यात बक्षीस मिळवणारी मुलं सगळ्या शिक्षकांना तोंडपाठ असतात. नाटकाची सूचना निघाली की तीच मुलं घेतली जातात. वक्तृत्वात समोर फक्त श्रोते असतात, आणि ते उत्तर देत नाहीत. नाटकात समोर दुसरं पात्र असतं आणि त्याने काहीतरी बोललेलं असतं, म्हणून आपण बोलतो. वक्तृत्वात मुरलेल्या मुलाला हे 'म्हणून' शिकवायला सर्वांत जास्त वेळ लागतो. निवडीच्या दिवशी मी उतारा म्हणायला सांगत नाही. दोघादोघांना समोरासमोर बसवतो आणि सांगतो, कालची एखादी गोष्ट एकमेकांना सांगा. माझी नजर सांगणाऱ्यावर नसते, ऐकणाऱ्यावर असते. ज्याच्या चेहऱ्यावर गोष्ट उमटते, तो माझ्या नाटकात. वर्गात ज्याने कधी तोंड उघडलं नाही असा मुलगा पुष्कळदा अशा वेळी सापडतो, आणि त्याच्या वर्गशिक्षिका मला हमखास विचारतात, "याला? सर, हा बोलतच नाही हो."

मराठी बालरंगभूमीचा इतिहास इथे थोडा आठवायला हवा. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून आल्या आणि १९५९ साली मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी लिटल थिएटर सुरू केलं. पहिलं नाटक रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी'. पऱ्या, राक्षस, चेटकीण, खरं नेपथ्य, खरी रंगभूषा. मुलांना दुय्यम माल द्यायचा नाही, हा त्यामागचा बाणा. विजय तेंडुलकरांनीही मुलांसाठी नाटकं लिहिली, 'राजाराणीला घाम हवा' हे त्यांचंच. पुढे १९८६ साली पुण्यात 'छान छोटे वाईट्ट मोठे' आलं. बर्लिनच्या ग्रिप्स नाट्यगृहाची बालनाट्य चळवळ डॉ. मोहन आगाशे यांनी आपल्याकडे आणली आणि श्रीरंग गोडबोले यांनी ते नाटक मराठीत केलं. ग्रिप्समध्ये मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात आणि बघायला मुलं असतात. मुलांचं जग, मुलांचे प्रश्न, आणि काम प्रशिक्षित नटांचं.

लिटल थिएटर आणि ग्रिप्स, ही दोन्ही कामं मोठी आहेत, पण शाळेच्या वर्गात तालीम घेणाऱ्या शिक्षकाला त्यांच्याकडून थेट उचलण्यासारखं कमी आहे. त्याच्याकडे ना नेपथ्य, ना प्रशिक्षित नट. त्याला जवळचं आहे ते मतकरींनी आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात केलेलं काम. ठाण्यात २०१४ पासून समता विचार प्रसारक संस्थेबरोबर त्यांनी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. वस्त्यांमधली मुलं, विषय त्यांचे, नाटिका त्यांनीच रचायच्या आणि त्यांनीच करायच्या. 'अलबत्या गलबत्या'सारखी चेटकीण रंगवणारा लेखक सत्तरी उलटल्यावर वस्तीतल्या पोराला विचारतो, की तुझ्या गल्लीत काय चाललंय. मतकरी २०२० मध्ये गेले. हा प्रश्न आपल्या शाळांमध्ये अजून फारसा कुणी विचारत नाही.

आता कुणी म्हणेल, एवढ्या लहान मुलांना रंगमंचावर आणावंच कशाला? असं म्हणणारा एक मोठा माणूस इंग्लंडात होऊन गेला. पीटर स्लेड. १९५४ साली त्याचं 'चाइल्ड ड्रामा' हे पुस्तक आलं. मुलांचं नाटक हे त्यांच्या खेळातच असतं, त्यांना फार लवकर चौकटीच्या रंगमंचावर, प्रेक्षकांसमोर उभं केलं की ती दिखाऊ होतात, असं त्याचं मत होतं. पाचवीच्या मुलांबाबत मला ते बरंचसं पटतं. सातवी-आठवीच्या मुलांबाबत पटत नाही. त्या वयात मुलाला आपल्याला कुणी बघावं असं वाटत असतं आणि कुणी बघू नये असंही वाटत असतं. मुलग्यांचा आवाज फुटतो, उंची अचानक वाढते, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. अशा वेळी त्याला नजर स्वतःवरून काढून समोरच्याकडे बघायचं काम दिलं, की तो सुटतो. स्पर्धेची तारीखही उपयोगाची असते. तारीख नसेल तर तालीम दिवाळीनंतर विरून जाते.

तालमीत मी काय करतो ते सांगतो. सुरुवातीला संहिता हातात देत नाही. दिली तरी प्रत्येकाने आपलं वाक्य म्हणायच्या आधी समोरच्याचं वाक्य आपल्या शब्दांत म्हणायचं. "तू म्हणालास की दुकान बंद करायचं", आणि मग आपलं वाक्य. कंटाळवाणं वाटतं, वेळ दुप्पट लागतो. पण वाक्य कशाला उत्तर आहे, हे डोक्यात बसतं. पाठांतर झाल्यावर दुसरा खेळ सुरू होतो. एका मुलाला बाजूला घेऊन कानात सांगायचं, आज तुझं वाक्य बदल. संहितेत आहे, "आई आजारी आहे". तो म्हणतो, "आई गावाला गेलीय". समोरचा ठरल्याप्रमाणे म्हणतो, "मग मी औषध आणतो!" सगळी तालीम हसून लोटपोट होते. त्या दिवसापासून प्रत्येकाचे कान टवकारलेले, कारण आज कोण वाक्य बदलेल याचा नेम नाही. प्रयोगात एखादा वाक्य विसरला तर बाकीचे सांभाळून घेतात ते याच सवयीमुळे. विंगेतून प्रॉम्प्टिंग करणाऱ्या बाईंवर मग ओरडायची वेळ येत नाही.

आणि एक पथ्य. करून दाखवायचं नाही. सरांनी रडून दाखवलं की सहा मुलं सरांसारखी रडतात. पन्नाशीतल्या माणसाचं रडणं बारा वर्षांच्या तोंडावर फार विचित्र दिसतं. परीक्षकांना ते लगेच कळतं, पालकांना मात्र फार आवडतं.

आता आपल्या सोलापूरचा खास प्रश्न, भाषेचा. आपल्या शाळेतल्या एका वर्गात किती भाषा बसतात बघा. शहराच्या पूर्व भागातल्या घरात तेलुगू, अक्कलकोटकडच्या घरात कानडी, कुठे दखनी, आणि मराठी बोलणाऱ्यांची ती आपली सोलापुरी. मैदानावर मुलगा ओरडतो, "काय करुलालास बे?" तोच मुलगा तालमीत संहिता वाचतो, "मित्रा, तू इथे काय करत आहेस?" वाचताना त्याची मान ताठ होते, खांदे वर जातात. खोटेपणा पहिल्यांदा खांद्यात दिसतो. शुद्ध बोललं नाही तर गुण जातील, ही भीती शिक्षकांना असते. माझा अनुभव असा, की वाणी स्पष्ट असेल तर बोलीमुळे नाटक पडत नाही. अस्पष्ट प्रमाणभाषेने मात्र हमखास पडतं. राजा आणि प्रधान असतील तर बोलू द्या पुस्तकी. पण दोन मुलं सायकलच्या पंक्चरवरून भांडत असतील तर त्यांना 'करुलालास' म्हणू द्या. घरातली आजी 'अव्वा' असेल तर तिला नाटकातही अव्वाच राहू द्या. त्या एका हाकेने मुलाला जे समजतं, ते समजावण्यात माझी अर्धी तालीम जाते.

मागावरच्या एका घराचं नाटक बसवत होतो. यंत्रमागाचा आवाज रेकॉर्ड करून आणायचा विचार होता. मुलं म्हणाली, आम्हीच काढतो. बाक, डस्टर, टाचा, तोंडाने टकटक. मोठा आवाज झाला, आणि वडिलांचं वाक्य त्यात बुडालं. मी म्हणालो, आवाज कमी करा. पूर्व भागातला एक मुलगा म्हणाला, "सर, माग चालू असताना कोणी मोठ्यानं बोलत नाही. बघतात." त्याच्या घराला लागूनच कारखाना. आवाजात काम करणारी माणसं ओठ बघून, हाताची खूण बघून समजतात, मान नुसती हलवतात. धागा तुटला की माग थांबतो, तेव्हा बोलून घेतात. त्याने हे एखादी मामुली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. आम्ही तो प्रवेश तसाच बसवला. आवाज चालू, वडील बोलतायत, ऐकू येत नाही, पोरगी वडिलांच्या तोंडाकडे बघतेय. मग धागा तुटतो, सगळे आवाज एकदम बंद होतात, आणि एकच वाक्य ऐकू येतं. माग झालेल्या दहा मुलांना त्या मुलीकडे बघत राहावं लागलं, कारण तिच्या मानेच्या हालचालीवर त्यांनी थांबायचं होतं. त्या प्रवेशात संवाद नसलेली दहा मुलं, आणि दहाही नाटकात होती.

व्यवस्थेच्या गोष्टी भराभर सांगतो. संहिता निवडलीत की लेखकाचं परवानगीपत्र आधी घ्या. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही लागतं, आणि अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात या दोन कागदांसाठी धावाधाव करणारे शिक्षक मी दरवर्षी बघतो. स्पर्धेचे दिवस जानेवारीत आले तर गड्डा लक्षात ठेवा. सिद्धरामेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा, होम मैदानावरचे पाळणे. त्या दिवसांत तालीम ठेवलीत तर अर्धी मुलं येणार नाहीत, आणि येऊ नयेतच. मुलींच्या घरी जाऊन स्वतः सांगा की तालीम अमुक वाजता संपेल, आणि त्याच वेळी संपवा. एकदा अर्धा तास उशीर झाला की पुढच्या वर्षी ती मुलगी नाटकात नसते. रंगीत तालीम शाळेच्या हॉलमध्ये झाली तरी नाट्यगृहात एकदा मुलांना रिकाम्या रंगमंचावर चालू द्या. प्रकाश डोळ्यांवर आला की समोरचा चेहरा दिसेनासा होतो. ज्याने ऐकायची सवय केली आहे त्याला त्याचं काही वाटत नाही, बाकीचे गांगरतात. थर्माकोलचे महाल करू नका. एक खाट, दोन स्टुलं, एक दोरी, पुरे.

पालकांशी बोलताना आपण एक नाव फार सहज वापरतो. अतुल कुलकर्णी आपल्या सोलापूरचे, इथल्या नाट्य आराधना संस्थेत काम करत पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. अभिमान आहेच. पण नाटकात घातलेली मुलं नट होतील, हे आमिष पालकांना दाखवू नये. त्या आमिषाने आलेले पालक स्वतःच्या मुलाचीच वाक्यं मोजतात. एका वडिलांनी मला विचारलं होतं, "आमच्या पोराला नऊच डायलॉग का?" मी त्यांना प्रयोगाला बोलावलं आणि विनंती केली, की आज फक्त त्याच्याकडे बघा, तो बोलत नसताना. नंतर भेटले तेव्हा म्हणाले, "तो पूर्ण वेळ काम करत होता की." तो मुलगा मागांपैकी एक होता.

निकालाबद्दल फार बोलत नाही. मुलं पहिल्यांदा हरली की रडतात, दुसऱ्या दिवशी क्रिकेट खेळतात. सावरायला वेळ मुख्याध्यापकांना लागतो. माझा आग्रह वेगळ्याच गोष्टीचा आहे. महिनोन्‌महिने बसवलेलं नाटक स्पर्धेत एकदा होतं, आणि कपडे पेटीत जातात. शाळांनी स्पर्धेचा खर्च मंजूर करतानाच दुसऱ्या प्रयोगाचे पैसे बाजूला काढावेत. फार लागत नाही, टेम्पोचं भाडं आणि चहा. तो प्रयोग मुलांच्या वस्तीत करावा, पूर्व भागातल्या एखाद्या बोळात, संध्याकाळी माग बंद झाल्यावर. तिथे ध्वनिक्षेपक नको आणि पडदाही नको. लोक मध्येच बोलतील, लहान पोरं रंगमंचावर येतील, कुणाची तरी अव्वा तेलुगूत काहीतरी सुचवेल, आणि मुलांना तिला त्याच क्षणी, तिच्याच भाषेत, नाटकातूनच उत्तर द्यावं लागेल. समोर मुख्याध्यापक बसलेत, त्यांनी हा खर्च यंदाच्या अंदाजपत्रकात घ्यावा. आता प्रश्न विचारा.