पावागडची जुनी वाट

पावसाळा सरून आकाश निवळले, म्हणजे बडोद्यातील एखाद्या उंच गच्चीवरून पूर्वेकडे एक निळसर डोंगर स्पष्ट दिसू लागतो. सभोवतालची भूमी सपाट असल्यामुळे सुमारे 800 मीटर उंचीचा हा एकटा पहाड आहे त्याहून थोर वाटतो. तोच पावागड. बडोदेकराला त्याचे नाव लहानपणापासून ठाऊक असते. चैत्र व आश्विन महिन्यांतील नवरात्रांत महाकालीच्या दर्शनाला घरटी कोणी ना कोणी तेथे जाऊन आलेले असते. तथापि डोंगरावर जाऊन आलेल्यांपैकी तो चढून आलेले किती, असे विचारले तर उत्तर देताना पुष्कळांना थोडे थांबावे लागेल. पायथ्यापासून मोटारीने वा बसने माची गाठावी, तेथून पाळण्यात बसून वर जावे, दर्शन घ्यावे आणि तसेच परतावे, असा आता बहुतेकांचा परिपाठ झाला आहे. ह्या परिपाठात कालिकामातेचे दर्शन घडते. पावागडचे मात्र घडतेच असे नाही.

पावागड पायी चढण्यासाठी गिर्यारोहणाच्या सामग्रीची आवश्यकता नाही, की स्वतःच्या वाहनाचीही नाही. बडोद्याच्या मुख्य बसस्थानकावरून हालोलमार्गे पावागडला जाणारी एस.टी. मिळते. थेट गाडी न मिळाल्यास हालोलला उतरून पुढची गाडी पकडावी. एकंदर अंतर सुमारे 50 किलोमीटर आहे. 1 मे 1960 रोजी मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली; परंतु सरकारी बसला ‘एस.टी.’ म्हणण्याची सवय दोन्हीकडे कायम राहिली. पायी हिंडणाऱ्याला ही एस.टी. खाजगी मोटारीपेक्षा अधिक सोयीची पडते, ह्याचे कारण साधे आहे. मोटार जेथे उभी केली तेथेच परत यावे लागते. बसने आलेल्या मनुष्यामागे हे बंधन नसते. तो पायथ्याशी उतरून डोंगर चढू शकतो, आणि उतरताना पाय थकलेच तर माचीवरून खाली येणारी गाडी धरू शकतो.

म्हणून पहिली सूचना एवढीच, की माचीपर्यंतचे तिकीट न काढता पायथ्याच्या चांपानेरला उतरावे. 1484 मध्ये महमूद बेगड्याने प्रदीर्घ वेढ्यानंतर हा गड खीची चौहानांकडून जिंकला आणि पायथ्याशी आपली राजधानी वसविली. तिचे नाव मुहम्मदाबाद. तिचे तट, मशिदी, विहिरी आणि तलाव आज झाडीतून डोकावतात. दोन उंच मिनारांची जामा मशीद ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध वास्तू होय. हालोलच्या रस्त्यालगतची वर्तुळाकार जिन्याची विहीरही पाहण्यासारखी आहे. ही राजधानी अवघी अर्धे शतक टिकली. 1535 मध्ये हुमायूनने कड्यात लोखंडी मेखा ठोकून रात्रीच्या वेळी माणसे वर चढविली आणि गड घेतला. त्यानंतर राजधानी पुन्हा अहमदाबादेस गेली, वस्ती उठली आणि अरण्याने नगराचा ताबा घेतला.

चांपानेरहून वर जाणारी जुनी वाट म्हणजे दगडात लिहिलेले युद्धशास्त्रच आहे. प्रथम अटक दरवाजा लागतो, पुढे बुढिया व मोती ह्या नावांनी ओळखले जाणारे दरवाजे, आणि त्यानंतर सदनशाह दरवाजा. ह्या शेवटच्या ठिकाणी खडक फोडून मार्ग वळणावळणाने काढलेला आहे. चढणारा मनुष्य धापा टाकत वळतो, तोच समोर भिंत उभी राहते. उजवीकडे वळावे, तर वरचा बुरूज त्याच्या मस्तकावर असतो. शत्रूचा वेग मोडावा, त्याची रांग तुटावी आणि हत्तीला धाव घेण्यास जागा मिळू नये, हा ह्या रचनेचा हेतू होय. मोटाररस्त्याने वर गेलेल्याला ही गोष्ट सांगून समजेल. पायी चढणाऱ्याला ती त्याचे गुडघे सांगतात. वाटेच्या अंगाला तटाच्या टोकाशी उभ्या असलेल्या ‘सात कमानी’ दिसतात, आणि तेथून खालचे चांपानेर नकाशासारखे उलगडते.

मराठी माणसाला ह्या वाटेविषयी आणखी एका कारणाने आस्था वाटावी. अठराव्या शतकात पावागड मराठ्यांकडे आला आणि पुढे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या अमलाखाली राहिला. 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रजांनी तो काबीज केला. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहान्वये तो शिंद्यांना परत मिळाला. 1853 मध्ये पंचमहालचा कारभार इंग्रजांकडे सोपविला जाईपर्यंत शिंद्यांचीच सत्ता येथे होती. बडोद्याच्या गायकवाडांच्या राजधानीतून दिसणारा हा गड ग्वाल्हेरकरांचा होता, ही गोष्ट आज दोन्ही शहरांतील मराठी कुटुंबांना फारशी ठाऊक नाही.

माचीवर पोहोचले, म्हणजे चढणीचा मोठा भाग संपतो. येथे दुकाने, उपाहारगृहे आणि पाळण्याचे स्थानक आहे. येथून मंदिराकडे पायऱ्यांची वाट जाते. पायऱ्या दोन हजारांच्या आसपास भरतील. तथापि गडावर मंदिराखेरीजही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. कड्याच्या काठावरील घुमटांचे नवलखा कोठार, जुनी जैन मंदिरे, आणि गडावरील सर्वांत प्राचीन मानले जाणारे लकुलीशाचे शिवमंदिर, ह्यांसाठी एक तास राखून ठेवावा. दुधिया, छासिया आणि तेलिया ह्या नावांचे तलावही वरच आहेत. दूध, ताक आणि तेल! ज्यांनी ही नावे ठेविली त्यांना पाण्याचे मोल किती वाटत असेल, हे निराळे सांगावयास नको. डोंगरमाथ्यावर पडणारा पाऊस अडवून, साठवून शिबंदी जगविण्याची ही योजना होती.

डोंगराचा खडकही कुतूहलाचा विषय आहे. सह्याद्रीप्रमाणेच हा ज्वालामुखीच्या लाव्हारसाचा बनलेला असून त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षांचे आहे. परंतु खालचे थर काळ्या बेसाल्टचे, तर शिखराकडे फिकट रंगाचा रायोलाईट आढळतो. चढताना पायाखालच्या दगडाचा रंग बदलत जातो, तो ह्यामुळेच. ह्याच डोंगरात विश्वामित्री नदीचा उगम होतो. बडोद्याच्या काळाघोडा पुलावरून रोज दिसणारी ती हीच. डोंगरावर जे फेकले जाते, त्यातील काही ना काही पावसाच्या पाण्याबरोबर शहराच्याच दिशेने निघते, हे ध्यानात ठेविले तर रिकामी बाटली पिशवीत घालून परत आणण्यासाठी निराळ्या उपदेशाची गरज उरणार नाही.

2004 मध्ये युनेस्कोने चांपानेर-पावागडचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. ह्यासाठी बडोद्यातील वास्तुविशारद करण ग्रोव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे खटपट केली होती. येथे नोंदल्या गेलेल्या 114 वास्तूंपैकी 39 वास्तूंना पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. वास्तूला निदान फलक लावता येतो, कुंपण घालता येते. वाटेचे तसे नाही. दरवाजा, बुरूज, टाके आणि देऊळ ह्यांना एकत्र बांधणारा धागा म्हणजे वाट. तिच्यावरून माणसे चालेनाशी झाली, की दोनचार पावसाळ्यांत तिच्यावर काटेरी झुडुपे माजतात, फरशीचे दगड निखळतात, आणि मग दरवाजे उभे असूनही त्यांतून जावयाचे कोठे, हे कळेनासे होते. गडाचे दरवाजे शाबूत राहावेत आणि वाट मात्र नाहीशी व्हावी, ह्याहून विपरीत जतन ते कोणते?

ह्याचा अर्थ पाळणा नको, असा नव्हे. 1986 पासून चालू असलेल्या त्या सोयीमुळे वृद्धांना, आजाऱ्यांना आणि कडेवर मूल असलेल्या मातांना देवीचे दर्शन सुलभ झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी मात्र वर्षातून एकदा तरी जुन्या वाटेने जावे. वाटेच्या दुरुस्तीला सरकारी अनुदान लागेल. तिच्या अस्तित्वाला मात्र नित्य चालणारी पावलेच लागतात.

ह्या पदयात्रेस कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. नवरात्रांतील व पौर्णिमेची गर्दी टाळावी. बडोद्याहून पहाटेची गाडी धरावी, म्हणजे उन्हाचा ताप चढण्यापूर्वी माची गाठता येते. दर माणशी दोन लिटर पाणी, थोडे दाणे-गूळ किंवा दशम्या, डोक्याला टोपी आणि पायांत तळ न घसरणारे जोडे, एवढी सामग्री पुरे. एकट्याने जाऊ नये. चौघांची सोबत असावी. झाडीत वाट चुकल्याची शंका येताच पुढे न रेटता मागच्या दरवाजापर्यंत परतावे. मुख्य म्हणजे चांपानेरला उतरताच परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ चौकशीच्या खिडकीवर किंवा वाहकाकडे विचारून घ्यावी, आणि तीपूर्वी निदान एक गाडी शिल्लक राहील अशा बेताने डोंगर उतरावा. थंडीच्या दिवसांत सूर्य लवकर मावळतो, आणि तटांच्या सावलीत अंधार त्याहूनही लवकर पडतो. दिवसाउजेडी खाली पोहोचलेल्यास गाडी येईपर्यंत जामा मशिदीच्या प्रांगणात घटकाभर बसून, सकाळपासून चाललेली सारी वाट खालून एकवार न्याहाळता येईल.