‘कधी चालशील?’ सोडून बाकीचं बोलू

बाभुळगावहून बोलतोय. मी चार वर्षांपूर्वी घराच्या स्लॅबवरून पडलो. पाठीतली मज्जारज्जू, म्हणजे मेंदूचा निरोप खाली नेणारी वायर, दुखावली. अशात पाय जातात हे सगळ्यांना दिसतं. लघवी-संडासवरचा ताबाही जातो, त्यावर कोणी बोलत नाही. आज त्यावरच बोलू.

ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तिथून टाके काढून घरी पाठवलं. नळी कशी टाकायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, काही सांगितलं नाही. महिन्याभरात माकडहाडापाशी जखम झाली. तिथं दुखतच नाही, कळणार कसं?

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, “कवा चालशीन बाप्पा?” मी हसून “लवकरच” म्हणायचो. रात्री वाटायचं, सकाळ होऊच नये. नळीसाठी मायला उठवायची लाज, म्हणून मी पाणी पिणंच कमी केलं. मग थंडी-ताप, लघवीत इन्फेक्शन. पडण्यातून वाचलो आणि लाजेपायी पुन्हा ॲडमिट!

नंतर एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवलं. दर चार ते सहा तासांनी नळी स्वतः टाकायची. दंड मजबूत करायचे, खाटेवरून खुर्चीत सरकायचं. पहिल्यांदा वीस मिनिटं लागली, बहिणीनं मोबाईलवर मोजली. त्या रात्री मायला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मले मालूम होतं बाबू. तू झोपत नव्हता, त मी कुठं झोपत होती?”

थांबा, अलार्म वाजला. खुर्चीतून अंग उचलायचंय, नाहीतर परत जखम... हां, झालं.

‘चंदू चॅम्पियन’ पाहिला असेल. मुरलीकांत पेटकर, आपल्या सांगली जिल्ह्यातले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालची ताकद गेली. १९७२ ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड, भारताचं पहिलं पॅरालिम्पिक गोल्ड. लोक मला हा सिनेमा पाठवून “तूही कर” म्हणतात. खरं सांगू? राग येतो. त्यांचं पोहणं सुरू झालं ते उपचार म्हणून. मेडल सगळ्यांना दिसतं, त्याआधीचे उपचार कोणाला दिसत नाहीत. माझ्या गावात साधा रॅम्प शोधावा लागतो.

तुमच्या ओळखीत असं कोणी असेल तर चालण्याचं विचारू नका. झोप लागते का, पाणी पितो का, ते विचारा. आणि सकाळ नको वाटत असेल तर ‘टेलि-मानस’चा नंबर लिहून घ्या, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात.

पुढच्या भागात खुर्ची घेताना मी काय चुकलो ते सांगतो. माय हाका मारतेय, पाण्याचा गिलास घेऊन उभी आहे.