जाऊन येते

(दहावीच्या १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि समोर पहिल्या रांगेत घड्याळ घेऊन गणिताच्या सरांना बसवलं आहे. त्यामुळे मी वेळेत संपवणार, याची खात्री बाळगा. सरांचा धाक तीस वर्षांत तसूभरही कमी झालेला नाही.

तीन वर्षांपूर्वी मी आपल्या ग्रुपवर लिहिलं होतं, की नोकरी सांभाळून जपानी अनुवादाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायला घेतला आहे. त्यावर तीन प्रतिक्रिया आल्या. पहिली, "बरी आहेस ना?" दुसरी, "याने प्रमोशन मिळतं का?" आणि तिसरी आपल्यातल्याच एका सॉफ्टवेअरवाल्याची, "अगं, हे तर आता मोबाइलच करतो की!" त्या दिवशी मी नुसते हसण्याचे चेहरे पाठवले होते. उत्तरं आज देते.

जपानी माझ्या आयुष्यात हौसेने आली नाही, कंपनीच्या कामातून आली. इंजिनिअर झाल्यावर पुण्यात जपानी ग्राहकांच्या प्रकल्पावर लागले आणि कंपनीने संध्याकाळचे वर्ग लावून दिले. आधी वाटलं, ही तर आपलीच भाषा! क्रियापद शेवटी, आपल्यासारखं. 'चा-ची-चे'च्या जागी एकच 'नो'. 'पासून'ला 'कारा', 'पर्यंत'ला 'मादे', आणि तेही आपल्यासारखेच शब्दानंतर येणारे. इंग्रजीसारखी वाक्याची कोलांटउडी मारावी लागत नाही. मग अक्षरं समोर आली आणि हवा गेली. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवलेल्या कांजी आहेत २१३६. आपल्याला बाराखडी पाठ करताना रडू यायचं, आठवतंय ना?

तरी परीक्षा देत गेले. पाच पातळ्या असतात, एन-५ सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत अवघड. मी एन-२ पर्यंत पोहोचले. ऑफिसात लोक मला 'जपानीवाली' म्हणू लागले. खरी गोष्ट अशी, की त्या परीक्षेत सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे असतात. एक वाक्यही स्वतः लिहावं लागत नाही. पण हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

मग एक दिवस मी तोंडावर आपटले. ग्राहकाकडून आलेल्या कागदावर लिहिलं होतं, "६५ वर्षे इजो". वयाप्रमाणे सवलत द्यायची होती. मी आमच्या टीमसाठी त्याचं भाषांतर केलं, "६५ च्या वर". मुलांनी तसाच प्रोग्राम लिहिला. चाचणीच्या वेळी पलीकडच्या माणसाने अतिशय नम्रपणे विचारलं, की ज्यांना बरोबर पासष्ट पूर्ण झाली आहेत, त्यांनी काय गुन्हा केला? जपानीत 'इजो' म्हटलं की तो आकडा धरूनच मोजायचं. '६५ किंवा त्याहून अधिक', असं मी लिहायला हवं होतं. चूक सर्वस्वी माझी होती. ती वेळेत सापडली, पण मला झोप लागली नाही. दोन शब्दांचा फरक होता आणि त्याने पासष्ट वर्षांची सगळी माणसं यादीतून बाहेर पडली असती.

त्यातून या अभ्यासक्रमाकडे वळले. शनिवार-रविवार तास, रात्री गृहपाठ. वर्गात मी सगळ्यांत मोठी. बाकीची मुलं तेवीस-चोवीस वर्षांची, मला ताई म्हणणारी. आमच्या मॅडमही माझ्याहून लहान.

पहिल्याच तासाला मॅडमनी तीन शब्दांचं वाक्य दिलं, "तोमोदाचि गा किता." मी पटकन हात वर केला, "मित्र आला." मॅडम म्हणाल्या, "मैत्रीण कशावरून नाही?" तोमोदाचि या शब्दाला लिंग नाही, वचनही नाही. मित्र आला, मैत्रीण आली, मित्र आले, मैत्रिणी आल्या, चारही बरोबर. जपानी माणूस हे न सांगता बोलू शकतो, मराठी माणूस नाही. आपलं क्रियापदच आपल्याला गप्प बसू देत नाही. म्हणजे अनुवाद करणाऱ्याला त्या एका वाक्यासाठी मागची चार पानं वाचावी लागतात, कोण आलं ते शोधावं लागतं. तिसऱ्या प्रतिक्रियेचं उत्तर इथे आहे. मोबाइल भाषांतर करतो आणि हल्ली बरंच चांगलं करतो, मी स्वतः त्याच क्षेत्रात काम करते, तेव्हा नावं ठेवणार नाही. पण 'मित्र आला' हे चुकलं, तर त्याची झोप उडत नाही.

पहिला मोठा गृहपाठ परत आला तो लाल शाईने भरलेला. मला वाटलं, जपानी चुकलं. खाली शेरा होता : "अर्थ बिनचूक. पण हे मराठी कोण बोलतं?"

हा शेरा मला फार लागला. शाळेत निबंधाला बक्षीस मिळवणारी मी! पण खरं होतं ते. इंजिनिअरिंगला गेल्यापासून पंचवीस वर्षं मी कामाचं सगळं इंग्रजीत लिहीत आले. मराठी उरली होती ती भाजीवाल्याशी आणि आईशी बोलण्यापुरती. लिहायला बसलं की 'च्या द्वारे' आणि 'करण्यात येते' एवढंच सुचायचं. जपानी शिकायला गेले आणि आपली मराठी कुठे हरवली, ते कळलं.

त्या रात्री मी आपल्या मराठीच्या बाईंना फोन केला. बाई समोर बसल्या आहेत, त्यांना न विचारता सांगते आहे. बाई म्हणाल्या, "लिहिलेलं मला मोठ्याने वाचून दाखव. जिथे जीभ अडखळेल तिथे खूण कर." तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी फोनवर वाचते आणि ऐंशीच्या घरातल्या बाई "हं" किंवा "छे!" म्हणतात. या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र मिळालंच, तर त्यावर एक सही बाईंची हवी.

आपण वाईची मुलं. गंगापुरीतून जाताना विश्वकोशाचं कार्यालय लागायचं. तेव्हा वाटायचं, असेल एखादं सरकारी ऑफिस. आत बसलेली माणसं जगभरातलं ज्ञान मराठीत आणत होती, एकेका शब्दासाठी डोकं खाजवत होती, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी समजलं.

आता शेवटचं. ते बोलायचं की नाही, याचा आठवडाभर विचार करत होते.

माझ्या बाबांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. भुईंजकडून एसटीने येणाऱ्या सगळ्यांचे ते कंडक्टरकाका. फुकट्या कोणाला सोडायचे नाहीत. मी स्वतःची मुलगी, तरी रोज मला विचारायचे, "पास?" आणि मी लाजेने लाल होऊन दप्तर उपसायची.

बाबांना विसरण्याचा आजार झाला आहे. दोन वर्षांपासून ते पुण्यात माझ्याकडे आहेत. मधली एक सहामाही मी त्यासाठीच सोडली. संध्याकाळ झाली की ते शर्ट बदलून दारात उभे राहतात, "ड्युटीला जायचंय." मी वाद घालायची, "बाबा, रिटायर होऊन किती वर्षं झाली तुम्हाला!" ते संतापायचे, मग रडायचे. लोक म्हणायचे, म्हातारचळ लागलाय. मलाही दुसरा शब्द माहीत नव्हता.

शेवटच्या वर्षी एक मोठा अनुवाद करायचा असतो. मी एका जपानी पालिकेने अशा रुग्णांच्या घरच्यांसाठी काढलेली छोटी पुस्तिका निवडली. वाचताना कळलं, की २००४ पर्यंत जपानीतही या आजाराला 'चिहो' म्हणत. त्यातल्या दोन्ही अक्षरांचा अर्थ खुळा, मूर्ख असाच आहे. त्या नावाने माणसाचा अपमान होतो आणि त्या लाजेने लोक उपचारच घेत नाहीत, म्हणून सरकारने तो शब्द बदलला. नवा शब्द आला 'निन्चिशो', म्हणजे आकलनाचा विकार. पुढच्याच वर्षापासून साध्या नागरिकांना या आजाराची ओळख करून देणारे दीड तासाचे वर्ग सुरू झाले. बँकेतले कारकून, दुकानदार, शाळकरी मुलं, कोणीही जावं आणि शिकावं.

तिथे शिकवतात त्यात तीन 'नको' आहेत. दोन मला सहज जमले : दचकवू नका, घाई लावू नका. तिसरं अडलं. मी लिहिलं, "त्यांच्या आत्मसन्मानास इजा पोहोचवू नका." रविवारी बाईंना वाचून दाखवलं. पलीकडून "छे!" मी दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, पाणउतारा करू नका, असं म्हण की."

फोन ठेवला आणि मी बराच वेळ तशीच बसून राहिले. 'आत्मसन्मानास इजा' वाचताना मला तो दुसऱ्या कोणाचा तरी दोष वाटत होता. 'पाणउतारा' म्हटल्यावर दारात शर्ट बदलून उभे असलेले बाबा दिसले, आणि त्यांच्यावर ओरडणारी मी दिसले. जपानी वाक्य महिनाभर माझ्याकडे होतं. ते मला समजलं बाईंच्या एका मराठी शब्दाने.

दुसऱ्या दिवशी बाबा दारात उभे राहिले तेव्हा मी म्हटलं, "चहा घेऊन निघा, गाडीला वेळ आहे." ते बसले. चहा घेता घेता पसरणीच्या घाटातल्या धुक्याबद्दल बोलत राहिले. ड्युटीचा विषय निघून गेला. रोज असं जमत नाही. पण पुष्कळदा जमतं.

पहिल्या दोन प्रतिक्रियांची उत्तरं द्यायची राहिली. प्रमोशन मिळालेलं नाही. आणि हो, बरी आहे मी. ती पुस्तिका मराठीत पूर्ण झाली आहे. ज्यांच्या घरी असं कोणी आहे, त्यांनी जेवणाच्या वेळी मला गाठा. तुम्ही एकटे नाही. आपल्या वयाच्या बऱ्याच जणांच्या घरात हे दार उघडलं आहे, बोलत कोणी नाही एवढंच.

सर घड्याळ बघत आहेत. एकच सांगते. आपल्याकडे घरातून निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. जपानी माणूस घरातून निघताना म्हणतो, "इत्ते किमासु." शब्दशः अर्थ, जाऊन येते. आणि घरातला माणूस उत्तर देतो, "इत्तेराश्शाई", जाऊन ये. इतकं सोपं भाषांतर मला आजवर दुसरं मिळालेलं नाही.

आज पहाटे निघताना बाबा जागे होते. त्यांनी विचारलं, "कुठे निघालीस?" म्हटलं, "शाळेत." त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "पास घेतलास का?"

म्हटलं, "घेतला, बाबा. येते."